माटोळीतले फळ

मी, सुमंगला दत्ताराम शेटगावकर, वय ७१, राहणार मांद्रे, तालुका पेडणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय करते. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे.

१. पाहुण्यांच्या तीन खोल्यांसह माझे घर. गोव्याच्या कायद्याने अर्धे माझ्या मुलांचे, प्रज्योत आणि समीक्षाचे. तिथे माझे काही चालत नाही. उरलेले अर्धे माझ्या मर्जीचे. त्याचे शेवटी लिहिते.

२. वायफायचा डबा शेजारचे दीर धाकू यांना. आमच्याकडे सगळ्याचा पासवर्ड कुलदेवीचे नाव. भाऊबंदांची देवी एकच, त्यामुळे भावजींना तो विचारावा लागलाच नाही. समीक्षाने पासवर्ड बदलला, तेव्हा "वयनी, तुमचें नेट बिघडलां" अशी तक्रार घेऊन तेच आले.

३. मोबाईल समीक्षाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेला एटीएमचा आकडा मी पुसला आहे. पाव आणणाऱ्या पोदेरालाही तो पाठ झाला होता.

४. प्रज्योत बोटीवर नोकरीला. गेल्या वर्षी परक्या बंदरात त्याचा मोबाईल हरवला आणि अनोळखी नंबरावरून फोन आला.

"आई गे, हांव प्रज्योत. तुज्या फोनार आंकडो आयला, बेगीन सांग."

नव्या मोबाईलसाठी लागणारा ओटीपी माझ्या फोनवर आला होता, तो त्याला घाईने हवा होता. पण आजकाल चोर आवाजही उसना आणतात. म्हणून मी घरातला प्रश्न घातला. "माटोळयेचें खंयचें फळ तुवें चोरून खाल्लें?" लहानपणी चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीतले एक फळ त्याने लंपास केले होते. हे घराबाहेर कुणाला माहीत नाही.

"केळें!"

केळे तर कोणताही चोर सांगेल. मी फोन ठेवला.

तो खरा प्रज्योतच होता, फळ तेवढे विसरला होता. तेव्हापासून रुसून घरी आलेला नाही. आईने मला ओळखले नाही म्हणतो. प्रज्योत बाबा, "आई गे" म्हणालास तेव्हाच काळजाने ओळखले होते. पण काळजाच्याच भरवशावर चोरांचे पोट चालते. फार आठवण येते तुझी.

५. उरलेले अर्धे घर, फळाचे नाव बरोबर सांगितले तर प्रज्योतला, नाहीतर समीक्षाला. उत्तर साक्षीदार सगुण यांच्या कानात सांगून ठेवले आहे. त्यांना कमी ऐकू येते, तेव्हा नोटरीसाहेबांनाही कळले असेल. समीक्षालाही ठाऊक आहे, पण आपल्या वाट्यावर पाणी सोडण्याइतकी ती भोळी नाही.

याची नक्कल प्रज्योतला आजच टपालाने पाठवत आहे. उत्तर मी फोनवर सांगणार नाही. या चवथीला घरी ये आणि मी जिवंत आहे तोवर मलाच विचार.

सही: सुमंगला द. शेटगावकर
साक्षीदार: सगुण गावस, गुरुदास परब
पेडणे, १२ जून २०२४