निरवांगीच्या माळावरचा उतार

आबा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी त्या रविवारचा राग काही जात नाही. बरं, कुणाला सांगायचीही सोय नाही, कारण सांगितलं तर तुम्हीच उघडे पडता.

निरवांगीच्या अलीकडे एका निवृत्त फौजीनं आपल्या पडीक माळावर जाड टायरच्या, गिअरच्या सायकलींसाठी वाटा पाडल्या होत्या. नव्वद सालानंतरचे ते दिवस. फौजीच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच लोक म्हणायचे. मी दहावीत होते. एकदाच तो मोठा उतार सायकलवरून उतरू द्या, अशी महिनाभर तुमच्यामागं भुणभुण लावली. शेवटी तुम्ही हो म्हणालात आणि लग्नाला निघावं तसं सगळं घर घेऊन निघालात. आई, धाकटा भाऊ, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची कळशी आणि तुमची पान्ह्यांची पिशवी. तिथं सायकलला ना कॅरिअर, ना स्टँड, ना मडगार्ड हे पाहून तुम्ही फौजीची उलटतपासणी सुरू केलीत. मग डबा कुठं अडकवायचा, हा तुमचा पहिला प्रश्न. तासाच्या भाड्यातला निम्मा वेळ तिथंच गेला.

आई भावाला घेऊन फाटकाजवळच्या लिंबाखाली बसली. उतार टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, तिथून दिसत नव्हता. वर पोचलो, मी पायडलवर पाय ठेवला आणि तुम्ही मागून सीट धरलीत. चढ दामटायचा, उतार पायी उतरायचा, नाहीतर ब्रेकची रबरं झिजतात, हा तुमचा जन्माचा नियम. अहो, रबरं फौजीची होती! शेजारून पोरं सूं करून खाली जातायत आणि मी म्हैस पाण्यावर न्यावी तशी सायकल हातात धरून उतरतेय. तशीच परत वर आणली. आता तरी बसू द्याल म्हणून तोंडाकडे पाहिलं, तर तुम्ही टोपी खिशात घातलीत, जरा बघतो म्हणालात आणि गेलात.

ब्रेक दाबला नाहीत. ओरडत गेलात, आबा. वर्गात हसणाऱ्या पोराला बाकावर उभं करणारे हेडमास्तर, पहिल्या वळणावरच्या बाभळीपासून पार खालच्या ओढ्यापर्यंत ओरडत गेलात. मी वर उभी. तुम्ही परत येईस्तोवर तास संपला होता. अंगभर मुरमाची धूळ, डोळ्यांत पाणी, आणि म्हणालात, "आईला सांगू नगंस. गावात त्वांड दाखवायचं हाय मला."

एवढ्यावर तरी थांबायचं! लिंबाखाली पोचताच आईला म्हणालात, "पोरगी उतरली. येकदाबी ब्रेक दाबला न्हाय." धुळीचं विचारलं तर म्हणे तिच्यामागं पळताना पडलो. मग इंदापूरच्या बाजारात तेच, पाहुण्यारावळ्यांत तेच. मी न केलेला पराक्रम मीच सांगायचा. सांगताना चुकले की तुम्ही दुरुस्त करायचात. करून सवरून नामानिराळे, आणि मी फुकटची शूर.

गेल्या महिन्यात लेकाला घेऊन पुण्याजवळच्या तसल्याच एका ठिकाणी गेले होते. या वयात गुडघे काय म्हणतील याचा विचार न करता उतरले. खरोखरची, पहिल्यांदा. घरी येऊन आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणाली, "पैल्यांदा कशी? तवाच उतरली हुतीस की. आबांनी किती जणास्नी सांगितलं. लई कौतुक हुतं त्यांस्नी तुजं."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, आबा. पण ती म्हणाली, सांग की परत, कसं उतरलीस. मी शेजारी बसले आणि सांगितलं. ती बाभळ, तो मुरूम, खालचा ओढा. माझा उतार राहिलाच, तुमचाच सांगितला.