भावोजींच्या गालावरचा तीळ

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस (चढतेसच, माहीत आहे). भावोजींची तब्येत विचारायचं धाडस नाही, ती तूच आपणहून कळव.

ते माझ्याशी बोलत नाहीत, तेव्हा बोर्डाचं काय झालं ते तू तरी नीट समजून घे. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या नव्या दुकानावर त्यांचा हसरा चेहरा हवा म्हणून तू जो फोटो धाडलास, तो अंगठ्याच्या नखाएवढा. फोटो म्हणजे नुसते रंगीत चौकोनी ठिपके. (याला रास्टर म्हणतात. मी कुठल्या क्लासला न जाता शिकलोय, म्हणून नेमकं सांगतो.) ते आठ फुटांवर ताणले की भावोजींची फरशी होते. वेक्टरमध्ये ठिपके नसतात, रेषांचं गणित असतं; मुंगीएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, कड तशीच कोरीव. म्हणून तीन दिवस मान मोडून मी भावोजी रेषांनी नव्याने काढले. एकट्या मिशीच्या रेषा वळवायला दोनशे चौदा बिंदू! डाव्या गालावर एक काळा ठिपका होता. मोजून एक. आहे ते सोडायचं नाही हा माझा नियम, म्हणून तीळ समजून गुळगुळीत गोल काढला.

आता खोच अशी, की रास्टर मोठं केलं तर चूकसुद्धा धूसर होते. वेक्टरमध्ये चूकही तितकीच स्वच्छ वाढते. बोर्ड चढला आणि तीळ बशीएवढा झाला. पहिलंच गिऱ्हाईक आलं, वर बघितलं, भावोजींकडे बघितलं आणि म्हणालं, "मालक कधी येतील?"

"मीच मालक."

"तुम्ही नव्हे हो, ते तीळवाले."

मी अजून शिडीवरच होतो. भावोजी वर बघून एवढंच म्हणाले, "मेव्हणेबुवा, तीस वर्षं समोरासमोर जेवतोय आपण!" आणि शटर ओढलं. ठिपक्यांचं सगळं स्पष्टीकरण माझ्या ओठांवर होतं, पण ते शटरला काय सांगणार? चार दिवस दुकान बंद आहे, हे मात्र जिवाला लागलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. तीळ काढणं एका बटणाचं काम. (फोटोत हेच जड गेलं असतं.) पण नुसता तीळ काढून भागेल असं वाटत नाही.

ता. क. २. म्हणून आता फोटो नको, भावोजींनाच पाठव. तासभर समोर बसवून, बघून काढतो. खरं तर एवढ्यासाठीच पत्र.

ता. क. ३. निरोपात 'चष्मा आणायला विसरू नका' असं घालावं म्हणतोय. लावतात ना ते? त्यांना मात्र विचारू नकोस.