हाँगकाँगला न गेलेली विहीण

कारांगसारी,
१२ सप्टेंबर २०१९

चि. विगाती हिला,

अस्सलामु अलैकुम आणि अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो मी तुरुंगात असतानाही दुखायचा, तेव्हा त्यात नवीन काही नाही. बाळाची सर्दी गेली का? तिला आल्याचा रस देऊ नकोस, अजून लहान आहे. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि माझी गाडी गुडघ्यापुढे सरकत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

सुटून चार महिने झाले आणि अजून मी एकदाही एकटी बाजारात गेलेले नाही. आपल्या वस्तीच्या प्रमुखांची बायको, लास्मीकाकू, तिनं माझ्यासाठी अकरा बायकांच्या पाळ्या लावल्यात. मी कुठे निघाले की जिची पाळी ती चपला घालून दारात हजर. तुरुंगातसुद्धा माझ्यावर एवढी नजर नव्हती. पण सुरुवातीला मला गरज होती, हेही खरं. बंद दारासमोर मी नुसती उभी राहायचे, कुणीतरी येऊन उघडेल म्हणून. सात वर्षांची सवय. लास्मीकाकूनं दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "अगं, कडी तुझ्याच बाजूला आहे."

महिन्यातून एकदा शहरात हजेरीला जावं लागतं. पहिल्या खेपेला अकराही जणी डबे घेऊन गाडीत चढल्या. तिथल्या साहेबांना खुर्च्या पुरेनात. त्यांनी विचारलं, "यातली सुटलेली कोण?" लास्मीकाकू म्हणाली, "आज घरातून सुटलेल्या आम्ही सगळ्याच." साहेब हसले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी सतरंजी घालून ठेवली.

आता तुझ्या सासरची गोष्ट. आई हाँगकाँगला घरकामाला आहे, असं तू लग्नात सांगितलंस. तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी अमेरिका सांगितली असती. पण मी परत आले हे कळल्यावर कधीतरी गाठ पडणारच, म्हणून सुप्रीनं मला शिकवायला घेतलं. ही सुप्री कोपऱ्यावरच्या घरातली, आठ वर्षं खरोखर हाँगकाँगला एका म्हाताऱ्याची सेवा करून आलेली. तिथे रस्ता कसा ओलांडायचा, मालकिणीचा राग कसा ओळखायचा, सगळं तिनं पढवलं. ‘जेवलात का’ हे त्यांच्या भाषेत म्हणायला शिकले. सुप्री म्हणाली, मी म्हटलं की ते कोंबडी हाकलल्यासारखं वाटतं.

आणि गेल्या गुरुवारी सकाळी तुझ्या सासूबाई सोलोहून बसनं, न कळवता, माझ्या दारात.

बाळाचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचे, त्या एकोणतीस तारखेच्या समारंभाचं आमंत्रण घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "विहीणबाई, आमंत्रण तोंडी द्यावं म्हणून आले." मी त्यांना बसवलं. पाच मिनिटांत वस्तीला खबर लागली आणि जिची पाळी नव्हती तीसुद्धा आली. सुप्री चुलीपाशी टेंपे, सोयाबीनच्या वड्या, तळायला बसली, म्हणजे मी अडले की तिला तिथून सांगता येईल.

"तिकडे हवा कशी असते हो?" सासूबाईंनी विचारलं.

"थंड," मी म्हणाले. त्याच वेळी सुप्री चुलीपाशी "दमट" म्हणाली आणि लास्मीकाकू म्हणाली, "बर्फ पडतो म्हणे."

सासूबाई तिघींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि त्यांच्याकडे तुम्ही स्वयंपाक काय करायचात?"

विगाती, मला सगळं पाठ होतं. सूप, वाफवलेला मासा. पण त्या एवढा प्रवास करून आल्या होत्या, पाय सुजले होते, आणि मांडीवर बाळाच्या समारंभासाठी आणलेलं कापड होतं. मी म्हणाले, "दीडशे बायकांचा भात लावायचे. सेमारांगच्या तुरुंगात. मी हाँगकाँगला कधी गेलेच नाही."

मग सासूबाई म्हणाल्या, "आणि ते क्रीम?"

कोणतं क्रीम ते मला ठाऊक नव्हतं. तू दर ईदला माझ्या नावानं हाँगकाँगचं क्रीम त्यांना द्यायचीस ते तेव्हा कळलं. "तीन वर्षं तोंडाला लावतेय," त्या म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला सांगून झालंय. कुठलं ते?" सुप्रीनं डबीचा रंग विचारला आणि सांगितलं, "सोलोच्या बाजारातलं. पण चांगलं असतं हो." त्यावर तुझ्याशी त्या वेगळं बोलणार आहेत.

मग त्यांनी विचारलं, तुरुंग कशासाठी. मी दार्तोचं सांगितलं. तुझा सावत्र बाप चहाची पाकिटं द्यायचा आणि मी ती बसनं पोचवायचे, त्या पाकिटांत नशेची पावडर निघाली. "आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. माझ्या आधी लास्मीकाकूच बोलली, "तिला बिचारीला कुठलं ठाऊक."

मी म्हणाले, "होतं."

हेच लिहायचं होतं. इतका वेळ गुडघा आणि क्रीम चाललं होतं ते त्यामुळेच. दुसऱ्या खेपेला मी पाकीट उघडून पाहिलं होतं. त्यानंतर तीन खेपा केल्या. कोर्टात खोटं बोलले, तुला भेटीच्या जाळीतून खोटं सांगितलं. आई दोषी आहे असं मामा म्हणाला म्हणून तू त्याच्याशी बोलणं तोडलंस, तेही मी होऊ दिलं. तुझ्या कॉलेजसाठी केलं असं मी स्वतःला समजावत होते, पण तुझी फी तेव्हा भरून झाली होती. दार्तो माझ्यावर खूश होता. ते मला आवडायचं. एवढंच कारण आहे, आणि ते फार लहान आहे.

लास्मीकाकूनं पेला खाली ठेवला आणि ती उठून घरी गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या. सुप्री तेवढी राहिली, टेंपे करपतील म्हणाली.

सासूबाईंना बसपर्यंत मी पोचवलं. त्या म्हणाल्या, "मला राग आलाय आणि तो एकोणतीस तारखेपर्यंत जाईल असं नाही. पण आमंत्रण दिलेलं मी परत घेत नाही. विगातीला मात्र हे तुम्ही सांगा. माझ्या तोंडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पाळी लास्मीकाकूची. येणार नाही असं धरून मी कडी काढली, तर ती दारात. "चल," म्हणाली. बाजारापर्यंत माझ्यापुढे चालली. मिरच्या घेताना म्हणाली, "चार महिने मी साऱ्या गावाशी तुझ्या बाजूनं भांडले. आता त्या भांडणांचं काय करू?" मी म्हणाले, "माफ कर." ती म्हणाली, "बघू. पिशवी धर."

तर विगाती, एकोणतीसला मी सकाळच्या बसनं निघेन. तुला नको असेन तर लास्मीकाकूच्या फोनवर ‘नको’ एवढंच कळव, मी का म्हणून विचारणार नाही. काही कळवलं नाहीस तर येईन, आणि माझ्याबरोबर किती जणी येतील ते माझ्या हातात नाही. सुप्रीनं गाडी ठरवायला घेतलीय.

शेवटी काय लिहावं यावर माझा बराच वेळ गेला. नुसतं नाव लिहू का, म्हणून लास्मीकाकूला विचारलं. ती म्हणाली, "आई असणं काय कोर्टानं काढून घेतलं होतं?" तसं निकालात काही नव्हतं. म्हणून लिहिते.

तुझी आई,
मुर्तिनी