टोपी कुठल्या हातात होती

बरबँक,
१८ एप्रिल २०२४

प्रिय कोरीन,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. लग्नाची बातमी वाचून आनंद झाला. आर्नेचा फोटो नीट पाहिला. माणूस सरळ वाटतो. नखांत ग्रीस दिसलं, ते मला आवडलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याची नखं स्वच्छ असती तर मला काळजी वाटली असती. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरं लग्न करायला आईची परवानगी लागत नाही, पण तू विचारलीस म्हणून दिली.

इकडे सगळं ठीक आहे. रक्तदाब काबूत आहे. या वर्षी लिंबाच्या झाडाला ताळ राहिलेला नाही. शेजारच्या केशिशियनबाईंना दोन पिशव्या लिंबं दिली. त्यांनी जर्दाळूचा मुरंबा पाठवला आणि तुमची लिंबं जरा लहानच असतात असंही कळवलं. मुरंबा चांगला होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

मागची खोली जानेवारीत रिकामी केली. तुझी शाळेची खोकी गॅरेजमध्ये ठेवली आहेत. काहीही टाकलेलं नाही.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘आई, तू ये. एकटी ये.’ तेव्हा तुला कुठून तरी कळलंच आहे, आणि तू विचारायच्या आधी मी सांगायला हवं होतं. खोली तुझ्या बाबांसाठी, डेलसाठी, रिकामी केली. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. सहा आठवड्यांसाठी आला होता. आता एप्रिल आहे. गुडघा फेब्रुवारीतच बरा झाला.

तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण पुढे वाच.

सुरुवात ऑक्टोबरात झाली. आताशा नटांना ऑडिशन द्यायला कुठे जावं लागत नाही. घरीच फोनवर आपला प्रसंग चित्रित करायचा आणि पाठवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं मात्र कुणाला तरी वाचावी लागतात. डेलने मला फोन केला. आठ वर्षांत पहिला.

“लोरेन, मला एक बाई हवी आहे.”

“सत्त्याहत्तराव्या वर्षी?”

“वाचायला. म्हाताऱ्याची बायको त्याला चार पानं झापते. माझ्या ओळखीत इतकं मनापासून झापणारं दुसरं कोणी नाही.”

मी गेले. चार पानं वाचली. वाचताना काही जादाची वाक्यंही घातली, ती त्याने कापायला लावली. दोन आठवड्यांनी त्याला काम मिळालं.

हे काम म्हणजे काय ते तुला कळायला हवं. पन्नास वर्षांत डेलने सात न्यायाधीश केले, अकरा शेरीफ केले, घोडे विकणारे किती ते मोजलं नाही. पडद्यावर एकोणीस वेळा मेला, त्यातल्या सहा वेळा पहिल्या पाच मिनिटांत. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही आणि चेहरा सगळ्यांना ठाऊक आहे. परवा बाजारात एका गृहस्थांनी त्याला अडवलं. म्हणाले, “तुम्ही आमचे दातांचे डॉक्टर होतात ना?” डेल म्हणाला, “हो. दाढ काय म्हणतेय?” मग दोघं दहा मिनिटं दाढेवर बोलत उभे. माझं आइस्क्रीम वितळलं.

तर आता पहिल्यांदा त्याला नाव असलेला माणूस मिळाला. व्हर्जिल नावाचे आजोबा. नऊ प्रसंग, आणि शेवटपर्यंत जिवंत.

मार्चमध्ये शूटिंग झालं. गुडघ्याचं निमित्त करून मी त्याला गाडीने नेत होते. दिग्दर्शकाचं नाव व्हिट. चौतिसाचा आहे, डोक्यावरची टोपी कधी काढत नाही, पण ‘कृपया’ म्हणतो. मला खुर्ची दिली होती. मी तोंड बंद ठेवायचं असं ठरलं होतं, आणि मी ते बऱ्यापैकी पाळलं.

आठव्या दिवशी जेवणाच्या टेबलाचा प्रसंग होता. सगळं कुटुंब जमलेलं, ताटात खिम्याचा मीटलोफ, बटाट्याचा लगदा, वाटाणे. या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की असल्या प्रसंगात खायचं नाही. काट्याने वाटाणे इकडचे तिकडे करायचे, पाण्याचा पेला उचलायचा, फार तर पाव मोडायचा. कारण लांबून घेतलेल्या पहिल्या शॉटमध्ये जे केलं, तेच जवळच्या प्रत्येक शॉटमध्ये करावं लागतं, त्याच शब्दावर, संध्याकाळपर्यंत. डेलला हे माझ्याइतकंच माहीत आहे. आणि पहिल्याच शॉटमध्ये, कॅमेरा चालू असताना, त्याने मीटलोफचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

व्हिट म्हणाला, “डेल, तुम्ही खरंच खाल्लंत.”

“वास चांगला आला.”

“आता काय?”

“आता काय, वाढा.”

नटाच्या पायाशी बादली ठेवतात. शॉट संपला की घास त्यात थुंकायचा. डेलला बादली दिली. त्याने ती शेजारच्या नटीकडे सरकवली. म्हणाला, “माझ्या आईने ओक्लाहोमात सहा पोरं वाढवली. अन्न थुंकलेलं तिने पाहिलं तर कबरीतून उठून येईल.” दुपारपर्यंत तेवीस घास झाले. मग सगळ्यांना जेवणाची सुट्टी झाली. मी त्याला विचारलं, “काय आणू?” तो म्हणाला, “पाद्री.”

आता जे सांगायचं ते इथून पुढे आहे.

तिथे नोंदी ठेवायला मारिसोल नावाची मुलगी होती. तिशीची असेल. म्हणजे जे काम मी एकतीस वर्षं केलं तेच: कुठल्या शब्दावर कुठला हात कुठे होता, पेला किती भरलेला होता, वरचं बटण लावलेलं होतं की नाही. मी वहीत पेन्सिलीने लिहायचे, ती पाटीएवढ्या स्क्रीनवर लिहिते. काम चोख आहे. दुपारी डेलचे जवळचे सहा शॉट झाले, आणि व्हिटने पडद्यावर पाहून म्हटलं, “थांबा. लांबच्या शॉटमध्ये काटा बोलून झाल्यावर खाली ठेवलाय. इथे बोलायच्या आधी. सहाही वाया.”

सेटवर एकदम शांत झालं. अशी शांतता मला ओळखीची आहे. सगळे गुन्हेगार शोधत असतात आणि आपण नाही म्हणून सुखावलेले असतात.

डेल लगेच म्हणाला, “माझी चूक. तिने बरोबर सांगितलं होतं. म्हातारा माणूस, विसरलो.”

तिने बरोबर सांगितलं नव्हतं. मी दहा फुटांवर होते. ‘काटा आधी ठेवा’ असंच ती म्हणाली होती, दोनदा.

मी मारिसोलकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. ती उठली, व्हिटजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, “डेल खोटं बोलतायत. मीच चुकीचं लिहिलं होतं.”

व्हिट म्हणाला, “बरं. परत घेऊ.”

झालं. एवढंच. कोणी कोणाला काढलं नाही. डेल तेवढा म्हणाला, “पोरी, तू गप्प बसली असतीस तरी मला खावंच लागलं असतं,” आणि सगळे हसले, आणि त्याने आणखी अकरा घास खाल्ले. घरी येताना मला चार ठिकाणी गाडी थांबवावी लागली.

मारिसोलला वीस सेकंद लागले. मला एकोणतीस वर्षं होत आली, आणि अजून मी मीटलोफबद्दलच लिहिते आहे. आता लिहिते.

मे १९९५. लोन पाइनला शूटिंग चालू होतं. डेल शेरीफ, आणि नोंदींची वही माझ्याकडे. तो टोपी हातात घेऊन एका विधवेशी बोलतो असा प्रसंग. जवळचा शॉट घ्यायच्या आधी त्याने मला विचारलं, “लोरेन, टोपी उजव्या हातात होती ना?” मी वही पाहिली आणि म्हटलं, “डाव्या.” तो म्हणाला, “नक्की? मला उजवा आठवतो.” मी म्हटलं, “तुला आठवतं. मी लिहिलंय.” तिथे वीस माणसं होती. त्याने टोपी डाव्या हातात घेतली.

उजवाच होता. दोन आठवड्यांनी संकलनात कळलं. दिग्दर्शक संतापला आणि त्याने आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत डेल म्हणाला, “तिने बरोबर सांगितलं होतं. मीच हात बदलला.” मी वही मांडीवर घेऊन बसले होते. ती मी उघडली नाही. त्या दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटात डेलला मोठं काम मिळायचं ठरलं होतं. त्याने डेलला परत कधी बोलावलं नाही.

तो एक शॉट परत घ्यायचा ठरला. तारीख पडली पंधरा जून, लोन पाइन. तुझ्या शाळेच्या पदवीदानाचा दिवस.

मी रजा मागितली आणि मिळाली. माझ्या जागी दुसरी बाई गेली. त्याच्या चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा जाऊ शकत नव्हता.

त्या सकाळी तू निळा झगा घालून स्वयंपाकघरात उभी होतीस. तू विचारलंस, “बाबा एका दिवसाची सुट्टी घेऊ शकत नाहीत?” मी म्हटलं, “घेऊ शकतात. त्यांना घ्यायची नाही. तुझ्या बाबांना सिनेमा जास्त आवडतो.”

हे वाक्य मी म्हटलं. तुला ते शब्दाशब्दाने आठवतं हे मला माहीत आहे, कारण तुझ्या पहिल्या लग्नाच्या वेळी तू ते मलाच म्हणून दाखवलंस आणि त्याला बोलावलं नाहीस. तेव्हाही मी गप्प बसले. लग्नाची भेट म्हणून तुझ्या पसंतीचे पडदे आणले आणि गप्प बसले.

तू मिनेसोटाला गेलीस आणि त्या हिवाळ्यात आम्ही वेगळे झालो. लोकांना वाटलं भांडण झालं. भांडण नव्हतं. जो माणूस आपली चूक अंगावर घेऊन वर आपल्याला दूध साखर विचारतो, त्याच्यासमोर रोज नाश्त्याला बसणं मला जमेना. त्याने एकदा जरी टोमणा मारला असता तरी मी राहिले असते.

मीटलोफच्या त्या संध्याकाळी गाडीत, तिसऱ्या थांब्यावर, मी त्याला विचारलं, “कोरीनला खरं का सांगितलं नाहीस?”

तो पोट धरून बसला होता. म्हणाला, “सांगून काय झालं असतं?”

“तिला कळलं असतं की चूक माझी होती.”

“आणि मग? वडील चित्रीकरणाला गेलेले, आई खोटं बोललेली. पोरीला एक तरी धड माणूस नको का घरात?” मग म्हणाला, “आता मीटलोफचं नाव काढू नकोस. खिडकी उघड.”

कोरीन, मी तुझ्याकडे माफी मागत नाही. ती मागितली की तुला द्यावी लागते, आणि तुझ्यावर आता तेवढंही ओझं नको. तू रागाव. फोनवर रागावलीस तरी चालेल. सकाळी नऊनंतर कर, त्याआधी तो फोन उचलतो आणि मग दाढा, गुडघा, हवामान असं अर्धा तास चालतं. हे पत्र मी लिहिते आहे ते त्याला माहीत नाही. तुझ्या लग्नाचं मात्र माहीत आहे. त्याने फक्त एवढं विचारलं, तुमच्याकडे डुलुथला जूनमध्ये थंडी असते का. मी म्हटलं, सरोवरावर असते. तो म्हणाला, “मग तू जाड कोट ने.” आणि वर्तमानपत्र वाचायला लागला. पान उलटलं नाही.

तू ‘एकटी ये’ लिहिलंस त्याचं उत्तर देते. नऊ दिवस विचार केला आहे, तेव्हा घाईत लिहिलंय असं समजू नकोस.

आम्हा दोघांना बोलावलंस तर दोघं येऊ. त्याला मागच्या रांगेत बसव, तो तिथेही खूश असेल, आणि आर्नेच्या नातेवाइकांपैकी कुणाला तरी तो आपला जुना डॉक्टर वाटेल. आमच्यापैकी कोणीच नको असेल तर तेही मी समजेन, आणि भेट टपालाने पाठवीन.

पण दोघांपैकी एकाच माणसाला जागा असेल, तर ती त्याला दे. विमानतळावर मी सोडीन. तुझ्या पदवीदानाला आईबापांपैकी कुणी तरी एकजण मुकणारच होतं, आणि ते मी मुकायला हवं होतं.

तुझी,
आई