हजारात एकशे एकेचाळीस

३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या हजार माशा मोजल्या. काळ्या १४१. यायला हव्या होत्या १८४!

मागच्या पिढीत काळ्या रंगाचं जनुक बरोबर निम्मं होतं. निम्म्या काळ्या माशा जोड्या जमण्याआधीच काढून टाकल्या. म्हणजे ते शेकडा त्रेचाळीसच्या किंचित खाली उतरायला हवं. माशी काळी व्हायला ते आईबाप दोघांकडून यावं लागतं, म्हणून त्याचा वर्ग केला की हजारात १८४. तीनदा मांडलं. गणित चोख आहे — मग माशांचं काय बिनसलं?

४ फेब्रुवारी

पुन्हा मोजल्या. १४१.

६ फेब्रुवारी

बाटल्या धुता धुता धाकटी म्हणाली, ‘काळ्या नरांना कुणी विचारतच नाही गं ताई. मादी लाथ झाडते नि चालू लागते. आपल्या आतेभावासारखी गत झालीय बिचाऱ्यांची!’

मी म्हटलं, ‘तू बाटल्या धू.’

दहावीला गणितात दोनदा गटांगळी खाल्लेली ही! इथलं काम मीच मिळवून दिलं तिला.

७ फेब्रुवारी

दिवसभर भिंग लावून बसले. खरंच लाथ झाडतात. काळ्या माद्यासुद्धा!

कुणाचीही जोडी कुणाशीही जमते, असं सूत्र धरून चालतं. मीही धरलं. काळे नर वगळून मांडलं — १४३ आले.

आनंद व्हायला हवा होता.  वर्षभर मी त्यांच्याकडे बघतेय, आणि दिसलं तिला!

आईला सांगितलं, तर म्हणे, ‘लहानपणापासून तिची नजरच तशी.’ माझ्या पदवीचा फोटो पुसता पुसता म्हणाली.

९ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. धाकटीचं नाव घातलं, खोडलं, घातलं, खोडलं. विज्ञानात नाव नव्हे, सत्य मोठं — पहिल्या वर्षाच्या भाषणात मीच ठणकावलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या. एवढं मोठं असेल सत्य, तर माझं नाव का नाही खोडवत?

शेवटी तिच्या नावाशिवायच दिला.

११ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या मॅडम अहवालावर खूष. ‘हे आधी कुणाच्या लक्षात आलं?’ मी तोंड उघडायच्या आत धाकटी बोलली, ‘ताईच्याच. मला तिनेच दाखवलं.’ आणि पुन्हा बाटल्या विसळायला लागली.

मी मॅडमना अहवालाचं पुढचं पान उलटून दाखवलं.

इतकं सहज देऊन टाकलं तिने! आता मला तेही जमत नाही म्हणून जळतेय.