विहिरीपासून बारा पावलं

१७ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

तू, दाजी आणि बाळ बरे असाल. इकडे पाऊस चांगला आहे. हळद गुडघ्याला लागली. बाबांचा खोकलाही कमी आहे.

पोळ्याला बाळाला घेऊन येऊ नकोस. फोनवरच सांगणार होते, पण तू लगेच ‘बाबांना दे’ म्हणाली असतीस.

आपल्या विहिरीचं पाणी खराब निघालं. ग्रामपंचायतीच्या पाणी तपासायच्या पेटीनं मीच तपासलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात घाण. पुन्हा तपासलं, पुन्हा काळी. शेजारच्या चांगुणाकाकूंच्या सुनेला जुलाब होऊन तीन सलाईन लावल्या. आता ती घरी आहे. मी विहिरीवर पाटी लावली. सगळी गल्ली आता शाळेजवळच्या बोअरवर जाते. सकाळी रहाट वाजत नाही. आई गेल्यावरही घर इतकं गप्प नव्हतं.

आपल्या नव्या संडासाचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, बारा पावलांवर. तिथूनच झिरपलं.

पाटी लावली त्या दिवशी चांगुणाकाकू दारात आल्या. बाबांना म्हणाल्या, “किसनराव, घरात येवढी शिकलेली पोरगी हाय. तिला इचारून तरी खड्डा खंदायचा.”

बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, “चुकलं माझं.”

मी तिथंच उभी होते, हातात पेटी घेऊन.

ताई, बाबा खालच्या उताराला जागा बघत होते. पावसात लांब जायला नको म्हणून मी वरच्या जागेचा हट्ट धरला. ‘योजनेचे कागद मी वाचलेत, तुम्हाला काय कळतं,’ असंही मीच त्यांना म्हणाले. विहिरीपासून किती लांब हवं, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून बाबा पारावर जात नाहीत. बोअरवर बायका माझं कौतुक करतात, पोरीनं गाव वाचवलं म्हणतात. मी घागर भरून निघून येते. आम्ही दोघं समोरासमोर जेवतो. ते मीठ मागतात, मी देते. एवढंच बोलणं.

उद्या सकाळी बोअरवर सगळ्यांसमोर सांगणार आहे. बाबांना कळलं तर ते अडवतील. त्यानंतर माझी तपासणी कुणी मानेल का, माहीत नाही. पाण्याचं काम तेवढंच माझं स्वतःचं होतं. नाही मानली तर पेटी वापरायला दुसरीला शिकवीन. पण बाबांना पारावर बसता आलं पाहिजे.

बाळाला उकळलेलंच पाणी दे.

आठ दिवस तुझ्यापासूनही लपवणारी,
पूजा