नववं रीळ आणि धर्माबादची गाडी

अण्णा, मी पिक्चर कापला. परक्या माणसानं बनवलेला अख्खा पिक्चर कापला आणि आमच्या मनासारखा जोडला. तुम्ही आता नाही म्हणून धीर झाला असं समजू नका. समोर बसला असता तरी हेच सांगितलं असतं.

पिक्चर अंतराळातला आहे. दूरच्या ग्रहावर यान बंद पडतं. एक इंजिनीअर बाई दोन तास खपून ते दुरुस्त करते, सगळ्यांना जगवते, आणि शेवटच्या वीस मिनिटांत तिला कोपऱ्यात रडत बसवून यान हीरोच उडवतो. का, ते कुणालाच कळत नाही. आम्ही चौघं त्या पिक्चरचे वेडे: जळकोटचा एक मास्तर, नांदेडची एक नर्स, धर्माबादचा मिरचीचा व्यापारी आणि मी, लातुरात लग्नाचे व्हिडिओ जोडणारी. डिस्कवर गाळलेले प्रसंग वेगळे दिलेले होते, त्यात यान उडवताना तीच बाई सापडली. ते आत घेतले, रडणं काढलं, हीरोला शेजारच्या खुर्चीत बसवलं. विकायचा वगैरे नाही, आपसात बघायचा. गेल्या रविवारी माझ्या दुकानात बघितला तेव्हा नर्स म्हणाली, "आता कसं सरळ झालं बघ. पहिल्यापासून तिचंच व्हतं की हे."

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. मुदखेडच्या टॉकीजमधली मशीनची खोली, तुम्ही ऑपरेटर, मी दहा वर्षांची. पिक्चरमध्ये कुत्रा मरतो तेवढी पट्टी मी तुमच्या ब्लेडनं कापून फ्रॉकच्या खिशात घातली होती. तुम्ही एक ठेवून दिलीत. "ज्यानं बनविला त्याला अक्कल न्हाई का? आपुन निस्तं दाखवायचं. हात लावायचा न्हाई." मग पट्टी परत चिकटवलीत, आणि कुत्रा रोज तीन खेळांना मरत राहिला.

आणि नववं रीळ, अण्णा? तीनच्या खेळाला धर्माबादकडची माणसं यायची, त्यांची गाडी सहाची. खेळ सुरू व्हायला उशीर झाला की मॅनेजर जिन्यातून ओरडतो, "नववं सोडा ओ, गाडी हाय!" आणि तुम्ही आठव्यानंतर थेट दहावं लावता. त्या एका घरगुती पिक्चरमध्ये नवरा बाईला चुलीतल्या लाकडानं मारतो ते नवव्यात होतं. पुढं ती घर सोडते, आणि धर्माबादची माणसं गाडीत बसून तिलाच शिव्या घालतात. आईनं तो पिक्चर सहाच्या खेळाला पुरा बघितला होता. तुम्हाला वाढताना ती म्हणाली, "पार तिचं कारणच खाल्लं की तुमी." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मग? गाडी थांबती व्हय?"

तेव्हा हात लावायचा नाही हे मला सांगू नका. तुम्ही गाडीसाठी कापत होता आणि त्याला कापणं म्हणतही नव्हता. मी निदान एका बाईचं कारण तिला परत दिलं. पुढचा पिक्चरही आम्ही निवडून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र त्या तिघांना सांगितलेली नाही. त्या इंजिनीअर बाईचा म्हातारा बाप इकडं पृथ्वीवर दवाखान्यात मरतो. ती तिकडून पडद्यावर बघत राहते, पोचू शकत नाही. दीड मिनिटाचा प्रसंग, डिस्कवरच्या गाळलेल्यांतलाच, तिघांनी न बघितलेला, आणि गोष्टीला तो हवाच होता. तुम्ही नांदेडच्या दवाखान्यात होता, मी लातूरहून निघाले होते, आणि वाटेत अहमदपूरलाच तुम्ही गेल्याचा फोन आला होता. तो प्रसंग मी एकटीनं काढला. मास्तर म्हणाला, "इथं जरा अडखळून राहिलंय." मी म्हटलं, डिस्कवरच तसं आहे. खोटं बोलले. तुम्ही असता तर पहिल्या नजरेत जोड ओळखला असता. तुकडा फेकलेला नाही, अण्णा, ठेवलाय. पण तुमच्यासारखा परत चिकटवायचा धीर मला होत नाही.